आमच्यात आली आहे

११ फेब्रुवारी

आमचे मालक गातेव साहेब सोफियाला कसल्याशा चर्चासत्राला जाऊन आले आणि आल्या आल्या मला वर बोलावलं, कारण कारखान्यात माणसं भरायचं काम माझं. म्हणाले, "डोचकाबाई, आता आपल्याला नाव कमवायचंय."

मी म्हटलं, "नाव आहे की साहेब. पार व्रात्सापर्यंत आहे."

ते हसले नाहीत. नवा माणूस पहिल्या दिवशी फाटकातून आत कसा येतो, त्याच्याशी कोण बोलतं, त्याला कुठे बसवतात, यावर म्हणे कारखान्याची पत ठरते. तो घरी जाऊन सांगतो, घरचे शेजाऱ्यांना सांगतात. हे कळायला सोफियाला जावं लागलं! इथे शर्टांना कॉलर लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आमच्याकडे नवी मुलगी आली की मुकादमीण सेव्दा तिला सगळ्यात खडूस मशीन देते. जेवायला बसायला जागा नसते, कारण प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असते. लिल्या इटलीला गेली ती परत आलीच नाही, पण खिडकीजवळची खुर्ची अजून लिल्याचीच. वर पहिल्या दिवशी नवीन मुलीनेच सगळ्यांना गोड वाटायचं, अशी रीत. ती वाटते, आणि आठवड्याभरात पळते. गावात म्हणतातच, कारखान्यात जाऊन रडण्यापेक्षा घरी बसून रडावं.

"आता ज्या येतील, त्यातली एकही जूनअखेरपर्यंत जाता कामा नये," साहेब म्हणाले.

"आणि जूननंतर?"

"जूननंतरचं मी बघतो."

चला, म्हणजे पुढचाही विचार केलाय त्यांनी.

संध्याकाळी राडाला फोनवर सांगितलं. माझी लेक श्टुटगार्टजवळच्या वृद्धाश्रमात परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, आणि इथे मी माझी पाठ दाराच्या चौकटीला घासते. ती पोट धरून हसली. "आई, या वेळची माणसं ईस्टरपर्यंत टिकली ना, तर मी नोकरी सोडून तुमच्या कारखान्यात येते. शब्द!"

तिने गंमत केली. मला मात्र झोप नाही.

२० फेब्रुवारी

सेव्दाशी भांडण. मी सांगितलं, नव्या मुलींना चांगली मशीनं द्यायची, शेजारी एक जुनी बाई बसवायची, आणि गोड आपण वाटायचं, त्यांनी नाही.

"आणि पाय कुणी चेपायचे?" सेव्दाने विचारलं.

"सेव्दा, माणसं टिकवायची आहेत."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? कारखाना चालावा म्हणून!"

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाली, "मेतोदी गेल्यापासून तू कशावरही विश्वास ठेवायला लागलीस."

हे तिने बोलायला नको होतं. घरी आले, दारावरचा माझ्या नवऱ्याचा, मेतोदीचा, मृत्यूचा कागद उन्हाने पिवळा पडलाय. गावात सगळेच आपल्या मृतांचे लावतात, तसा मीही दर वर्षी त्याच्या तिथीला नवा लावते. वर फोटो, खाली नाव, त्याखाली दोन ओळी. मीच कामाच्या संगणकावर बसून बनवला होता, आणि सगळे म्हणाले होते की गावात इतका नीट कागद कुणाचाच नाही.

२६ फेब्रुवारी

नऊ जण मिळाले. सात बाया, दोन पुरुष. त्यातली स्लावेना मला आवडली. पंचविशीची, हाताची नखं बारीक कापलेली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. नवरा दर उन्हाळ्यात स्पेनला जातो, घरी सासू आणि लहान मुलगी. मी विचारलं, इथे का यावंसं वाटलं? म्हणाली, "मावशी, फोनवर तुम्ही माझं नाव नीट उच्चारलंत."

एवढंसं! माणसाला एवढंसंच लागतं, आणि तेही आम्ही कधी दिलं नाही.

फाटकावर नव्या लोकांचे फोटो लावायचं ठरवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवं की आमच्याकडे माणसं येतात. नुसती जात नाहीत.

२ मार्च

सकाळपासूनचं नीट लिहून काढते.

पहाटे उठून गोल पाव भाजला. मसाल्याच्या रंगीत मिठाची वाटी घेतली. काल मार्चची पहिली, वसंताचा दोरा बांधायचा दिवस होता, म्हणून प्रत्येकासाठी लाल-पांढरा दोरा वळून ठेवला होता. नऊ कागद फाटकाच्या लोखंडी पट्ट्यांवर चिकटवले. स्ताम्बोकाका पहारेकरी, त्यांनी गोंदाचा डबा धरला. त्यांचा चष्मा घरी होता.

नवे लोक आले. प्रत्येकाने पावाचा तुकडा मोडला, मिठात बुडवून खाल्ला, मी मनगटाला दोरा बांधला. स्लावेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. गातेव साहेब वरून खिडकीतून बघत होते. मी मनात म्हटलं, बघ राडा, बघ.

सगळे आत गेल्यावर मी लोकूम या मऊ मिठाईचा डबा घेऊन फाटकाबाहेर बसथांब्याशी उभी राहिले. म्हटलं, गावालाही आपल्या आनंदाचं गोड वाटू. लोकूमचा गुलाबी तुकडा दोन बिस्किटांत दाबून एका म्हातारीच्या हातात दिला. तिने फाटकाकडे पाहिलं, छातीवर क्रूस केला आणि म्हणाली, "देव त्यांना क्षमा करो. इतकी माणसं! गाडी उलटली का गं?"

"अहो, ते मेलेल्यांच्या गोडावर म्हणतात! आनंदाच्या गोडावर अभिनंदन म्हणा! नवीन माणसं आहेत!"

तिने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं आणि आणखी एक लोकूम उचलला.

मी मागे वळले, आणि पहिल्यांदा ते कागद लांबून पाहिले. काळी चौकट. मध्ये काळापांढरा फोटो. खाली नाव, त्याखाली "आमच्यात आली आहे", आणि अगदी तळाशी "कारखान्याचं कुटुंब". मेतोदीचाच कागद होता तो. मला दुसरा बनवताच येत नाही, म्हणून मी तोच उघडला, क्रूस पुसला, "आमच्यातून गेला आहे" होतं तिथे "आमच्यात आली आहे" केलं, पुरुषांना "आला", "शोकाकुल" खोडलं. चौकट राहिली. चौकट मला दिसलीच नाही, कारण गेली चार वर्षं ती माझ्या दारावरच आहे.

मी ते फाडायला धावले तोच बस थांबली. बसमधून स्लावेनाची सासू त्सोनाबाई उतरली नाही, पडलीच. "माझी सून! सकाळी चहा पिऊन गेली हो!" ती फाटकाला धरून अशी काही ओरडली की मशीनं बंद झाली. स्लावेना हातात अर्धी बाही घेऊन धावत आली. त्सोनाबाईंनी तिला पाहिलं, मिठी मारली, आणि मग पर्सने बडवायला लागल्या. "मेली नाहीस तर सांगायला काय झालं होतं!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी जिन्याखाली जाऊन बसले. आता नऊच्या नऊ जण जातील, गाव दहा वर्षं हसेल, आणि राडा जन्मात येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हसायला लागलं. मग दुसरी. गेर्गिन नावाचा नवा मिस्त्री म्हणाला, "मी स्पेनमध्ये दहा वर्षं राबलो, तिथे माझ्या जाण्याने कुणालाही काही वाटलं नसतं. इथे पहिल्याच दिवशी रडले!" सगळ्या बाया रुमालाने डोळे पुसत होत्या, हसून हसून.

स्लावेना ताट घेऊन उभी होती. सेव्दा उठली, लिल्याची खुर्ची खिडकीपासून ओढली आणि म्हणाली, "मेलेल्या बाईला उभं ठेवू नये. बस."

स्लावेना बसली.

४ मार्च

काल सुट्टी होती. स्लावेनाच्या घरी शेजारी फुलं घेऊन आले, मेलेल्यांना वाहतात तशी सम संख्येत. तिने दारात उभं राहून घेतली आणि एकेक काढून विषम केली. गेर्गिनच्या बायकोला तर तिच्या बहिणीने फोन करून विचारलं, कोट कुणाला देणार आहेस?

गावात नवीन म्हण निघालीय म्हणे: या कारखान्यात पहिल्याच दिवशी फाटकावर कागद लावतात. साहेबांना मी राजीनामा द्यायला गेले. ते म्हणाले, "नाव तर झालं ना? कुणी सोडून गेलं का?"

कुणीच गेलं नाही.

आता कागद रंगीत छापलेत, कडेला पिवळी फुलं. सेव्दा म्हणते, आता ते लहान मुलं वारल्याच्या कागदांसारखे दिसतात. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

१९ मार्च

सोफियाहून दोन माणसं आली. कारखाना फिरली, भिंती मोजल्या, छत किती उंच ते मोजलं, खिडक्यांचे फोटो काढले. मी मुद्दाम त्यांना कॉलरची रांग दाखवायला घेऊन गेले, तिथे नव्या मुलींचे हात आता कसे चालतात ते बघावं म्हणून. त्यांनी मशीनं बाजूला सरकवता येतील का, एवढंच विचारलं.

साहेबांना विचारलं. "वाढवायचंय," ते म्हणाले.

मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. स्लावेनाने टाळ्या वाजवल्या. सेव्दा म्हणाली, "शिवणकारखाना वाढवणारा माणूस शिवण न बघता गेला?"

हिला काही चांगलं बघवतच नाही.

१३ एप्रिल

ईस्टर झालं. नऊच्या नऊ जण आहेत. ही एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते.

स्लावेनाने लाल अंडं आणून दिलं. माझं आणि तिचं अंडं एकमेकांवर आपटलं तर तिचं फुटलं नाही. "मावशी, हे वर्ष माझं!" म्हणाली. आठवड्यापूर्वी तिने वसंतातला पहिला करकोचा पाहिला, तेव्हापासून रीतीप्रमाणे तिचा लाल-पांढरा दोरा फाटकाजवळच्या आलुबुखाराच्या झाडाला बांधलेला आहे.

राडाला फोन केला. "टिकली," मी म्हटलं.

फोनवर तिच्यामागे कुणी म्हातारा जर्मनमध्ये हाका मारत होता.

"सगळी?"

"सगळी. आणि कारखाना वाढतोय."

"आई, मी गंमत केली होती."

"माहितीय."

मग म्हणाली, "इथे मला येऊन सहा वर्षं झाली. अजून मला सगळे 'ती बल्गेरियन' म्हणतात. जेवायला मी जिन्यात बसते." आणि रडायला लागली. एवढ्या वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ये. तुझ्यासाठी पाव भाजते. तुला खुर्ची देते.

२९ एप्रिल

राडाने राजीनामा दिला! खोलीचा करार जूनअखेर संपतो, तेव्हा निघेल. साहेबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुलैत कशाला? घाई काय आहे?" मी म्हटलं, तिने नोकरी सोडलीय, साहेब. त्यांनी मान खाली घातली आणि फाइल उघडली. मोठ्या माणसांना दुसऱ्याच्या घरातला आनंद कसा बघावा ते कळत नाही.

कापडाची गाडी या महिन्यात आली नाही. कोठारवाली म्हणते, फक्त पांढरा दोरा उरलाय. जुना साठा आधी संपवायचा असेल. शहाणपणाचंच आहे ते.

१८ मे

चार इस्त्र्या दुरुस्तीला गेल्या, ट्रकमधून. चार इस्त्र्यांना एवढा मोठा ट्रक?

मला हल्ली पहाटेच जाग येते. डॉक्टर म्हणतात वय. राडाच्या खोलीचे पडदे धुतले.

सेव्दाने मला गाठलं. "डोचका, मुलीला थांबव."

"का?"

"ही ऑर्डर संपली की दुसरी नाही. आपले शर्ट घेणाऱ्या इटलीवाल्यांनी डिसेंबरातच सांगितलं होतं म्हणतात. गातेवला फक्त हात हवे होते, शेवटचा शर्ट होईपर्यंत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी शर्ट मोजते."

मी तिला म्हटलं, तुझा मुलगा येत नाही म्हणून तुला माझी मुलगी यायला नकोय. सेव्दाचा चेहरा पडला. ती टाचण्यांची उशी उचलून गेली. मी नंतर तिच्यासाठी चीज भरलेली बानित्सा ठेवली होती टेबलावर, तिने हात लावला नाही.

१५ जून

स्लावेना माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं. "मावशी, नवऱ्याला स्पेनहून बोलावणं आलंय. या वेळी मी म्हटलं, थांब, आपण दोघं इथेच राहू, मुलीला बापाची सवय होऊ दे. पण जूननंतर काम आहे ना? तुम्ही सांगा. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

मी तिला म्हटलं, थांब, विचारून येते. वर गेले. साहेब फोनवर होते. मी दारातच विचारलं. त्यांनी फोन हाताने झाकला. "त्यांना सांगा, निश्चिंत राहा. काम करा."

मी खाली आले आणि सांगितलं, निश्चिंत राहा.

तिने माझ्या गालाचा मुका घेतला. नवरा थांबला. बोलावणं दुसऱ्या कुणाला गेलं.

मी तिच्याकडे बघून बोलले की टेबलाकडे, ते मला आठवत नाही. आठवायचंही नाही.

२५ जून

राडा बसमध्ये बसली. परवा सकाळी पोचेल. बस नेमकी आमच्या फाटकासमोरच थांबते.

तिचा कागद छापला. रंग संपलेत, काळंच निघतं. चौकट मात्र आठवणीने काढली. "आमच्यात आली आहे: रादोस्तिना मेतोदिएवा." फाटकावर लावला, खालून वरून भरपूर गोंद. स्ताम्बोकाका चष्मा लावून बघत होते. "पोरगी गोड दिसते हो," म्हणाले, आणि मग उगाचच किल्ल्यांचा जुडगा पुसत बसले.

२६ जून

शेवटचा शर्ट दुपारी झाला. सेव्दाने त्याची घडी घातली, उभी राहिली, आणि मशीनचं बटण बंद केलं. मग एकामागून एक सगळ्या मशीनांची. मी इतक्या वर्षांत तिथली शांतता कधी ऐकली नव्हती.

साहेबांनी मला वर बोलावलं. इमारत विकली, तिथे गोदाम होणार. ते खूप चांगलं बोलत होते. म्हणाले, "डोचकाबाई, तुमच्यामुळेच ऑर्डर पुरी झाली. तुमच्यासारखं स्वागत कुणी केलं नसतं. म्हणून निरोपही तुम्हीच द्या. तुमच्या तोंडून त्यांना बरं वाटेल."

"माझी मुलगी बसमध्ये आहे," मी म्हटलं.

"मी तुम्हाला म्हणालो होतो, घाई काय आहे."

म्हणाले होते. खरंच म्हणाले होते.

मी खाली गेले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिता येणार नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. गेर्गिनने टोपी काढली. बाया कात्र्या पिशवीत ठेवायला लागल्या. स्लावेना माझ्यापुढे आली.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. देवाशपथ नाही."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच, बराच वेळ. "सेव्दाताईला माहीत होतं. तिला विचारायला हवं होतं मी. पण ती कधी गोड बोलली नाही ना."

मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

सेव्दा लिल्याची खुर्ची उचलून घेऊन आली आणि स्लावेनाच्या हातात दिली. "ने घरी. तुझी आहे." स्लावेना ती खुर्ची डोक्यावर धरून फाटकातून बाहेर गेली. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

२७ जून

राडासाठी आणलेला लोकूमचा डबा घरात होता. पावही भाजलेला होता, तो घेतला नाही. डबा का घेतला ते मला सांगता येत नाही. रिकाम्या हातांनी लेकीपुढे कसं उभं राहायचं?

फाटकाला साखळी आणि कुलूप. त्यावर एकच कागद, माझ्या राडाचा.

मी थांब्याशी उभी होते. त्सोनाबाई बाजाराच्या पिशव्या घेऊन आल्या. मला वाटलं, थुंकतील. त्यांचा मुलगा आता घरी बसलाय, माझ्या एका शब्दापायी. मी डबा पुढे केला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

त्यांनी लोकूम घेतला. फाटकाकडे पाहिलं, साखळीकडे, मग फोटोकडे. क्रूस केला. "देव क्षमा करो," म्हणाल्या.

आज त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, त्यांनी कागद नीट वाचला होता. या वेळी मी "अभिनंदन म्हणा" असं सांगितलं नाही.

बस आली. राडा दोन बॅगा घेऊन उतरली, बारीक झालीय, केसांना कसला तरी रंग. माझ्या खांद्यावरून तिने कारखाना पाहिला. कुलूप पाहिलं. स्वतःचा फोटो पाहिला, आणि त्याखालच्या ओळी हळूहळू वाचल्या, जणू तिला आता इथली अक्षरं जुळवावी लागतात.

मी म्हणणार होते, राडा, मला माहीत नव्हतं. त्याऐवजी डबा पुढे केला.

तिने बॅगा खाली ठेवल्या. डब्यातून एक तुकडा उचलला, बिस्किटात दाबला, तोंडाशी नेला आणि थांबली. सहा वर्षं परदेशात राहून माणूस रीत विसरतो.

"आई," तिने विचारलं, "काय म्हणायचं असतं? अभिनंदन, की ते दुसरं?"